मूळ कनेक्टिंग रॉड टर्बोचा जोर सोसेल का? टॉर्क मोजून ठरवायची रीत

विनाटर्बो पेट्रोल इंजिनाला टर्बो जोडायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो: आतले कंपनीचे कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारे दांडे) किती बूस्ट (टर्बो हवा ज्या जादा दाबाने इंजिनात कोंबतो तो दाब) सोसतील? कुणी अर्धा बार सांगतं, कुणी एक बार. दोघांचीही इंजिनं चाललेली असतात, म्हणून दोघंही छातीठोकपणे सांगतात. पण बूस्ट गेजवरचा आकडा रॉडला कळत नाही. पिस्टनच्या डोक्यावर दणका किती जोराचा बसला आणि त्या वेळी इंजिन किती आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांनी) फिरत होतं, एवढंच त्याला कळतं. म्हणून हा हिशेब बारमध्ये मांडला की चुकतो. तो टॉर्कच्या (फिरवणाऱ्या जोराच्या) न्यूटन-मीटरमध्ये मांडा आणि शेजारी आरपीएम लिहा.

पुढचं सगळं पेट्रोल इंजिनासाठी आहे. डिझेलचे रॉड मुळातच वेगळ्या दाबांसाठी घडवलेले असतात, तिथले आकडे इथे लावू नका.

आधी रॉडवरचा भार समजून घ्या

रॉडवर दोन प्रकारचे भार येतात. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलट फिरतो, तेव्हा त्याचं वजन रॉडला वर खेचतं. हा ताण. मिश्रण पेटलं की वायू पिस्टनला खाली ढकलतो आणि रॉड दोन टोकांमध्ये चेपला जातो. हा दाब. ताणाने बहुधा रॉडचे बोल्ट जातात. दाबाने मधली दांडी वाकते.

उदाहरणाला २ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन घेऊ. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८६ मिमी. पिस्टन, रिंगा, पिन आणि रॉडचं वरचं टोक मिळून वर-खाली होणारं वजन ६०० ग्रॅम धरू, रॉडची लांबी १४३ मिमी. ७००० आरपीएमला टीडीसीपाशी (पिस्टन सर्वांत वर असताना) या वजनाचा ताण सुमारे १८ किलोन्यूटन भरतो, म्हणजे पावणेदोन टनांहून जास्त. हा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७००० चे ८००० केले की तो साडेतेवीस किलोन्यूटनवर जातो. या हिशेबात बूस्ट कुठेच येत नाही. लाल रेघ (आरपीएमची कमाल मर्यादा) होती तिथेच ठेवली, तर टर्बोमुळे बोल्टवरचा ताण जवळपास वाढतच नाही.

आता दाब. पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ५८ चौरस सेंटिमीटर आहे. विनाटर्बो इंजिनात पूर्ण थ्रॉटलला सिलिंडरमधला कमाल दाब ७० बार धरला, तर पिस्टनवर साधारण ४१ किलोन्यूटन येतात. टर्बो लावून तोच दाब ११० बारवर गेला की ६४ किलोन्यूटन, म्हणजे साडेसहा टन.

यापुढची गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते आणि माझ्या मते सगळं उत्तर तिच्यातच आहे. पेट घेण्याच्या क्षणी पिस्टनचं वजन वर खेचत असतं आणि वायू खाली ढकलत असतो. दोघं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. ६५०० आरपीएमला वरची ओढ १५ किलोन्यूटनच्या आसपास असते, म्हणून ६४ पैकी रॉडच्या दांडीला ४९ च सोसावे लागतात. २५०० आरपीएमला ही ओढ जेमतेम सव्वादोन किलोन्यूटन. तिथे ११० बारचा दणका बसला तर जवळजवळ सगळा भार थेट दांडीवर येतो. शिवाय कमी आरपीएमला क्रँक सावकाश फिरतो, तापलेल्या मिश्रणाला नॉकिंगसाठी (आपोआप एकदम पेटण्यासाठी) जास्त वेळ मिळतो आणि बेअरिंगमधला तेलाचा पडदाही पातळ असतो. जास्त आरपीएमचा जोर रॉड निभावून नेतो. तोच जोर लवकर आला की वाकतो.

पायरी १: आपल्या इंजिनात कोणता रॉड आहे ते पाहा

ढोबळ मानाने तीन प्रकार भेटतील. जुन्या, साध्या इंजिनांत ओतीव लोखंडाचे रॉड असायचे. टर्बोसाठी त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. दुसरा प्रकार घडीव पोलादाचा. तिसरा, आजच्या असंख्य इंजिनांत सापडणारा, धातूची पूड दाबून, भाजून आणि मग घडवून केलेला. तिसऱ्या प्रकारात, आणि आता काही घडीव रॉडांतही, खालची टोपी (क्रँकभोवती बसणारा सुटा अर्धा भाग) करवतीने कापत नाहीत, ठरवून तडकवतात. तडकलेला खडबडीत चेहरा दुसऱ्या अर्ध्याशी असा जुळतो की टोपी कणभरही सरकत नाही. मात्र असा रॉड जुन्या पद्धतीने टोपीचा चेहरा घासून पुन्हा गोल करता येत नाही, आणि टोप्यांची अदलाबदल झाली की रॉड वाया गेला.

पूड-धातूचा म्हणजे कमकुवत, असं सरसकट म्हणणं चूक आहे. त्याची मापं आणि वजनं फार नेमकी असतात आणि मूळ कामासाठी तो उत्तम असतो. फक्त तो मूळ टॉर्क डोळ्यासमोर ठेवून कमीत कमी वजनात बसवलेला असतो, त्यामुळे वर शिल्लक थोडीच उरते.

त्याच नावाच्या इंजिनातही रॉड बदललेले असू शकतात. मित्सुबिशीच्या ४जी६३ चं उदाहरण प्रसिद्ध आहे. फ्लायव्हील सहा बोल्टांनी बसणाऱ्या सुरुवातीच्या इंजिनांत रॉड जाड होते, नंतरच्या सात बोल्टांच्या इंजिनांत ते सडपातळ झाले. दुसऱ्या टोकाला टोयोटाचं २जेझेड-जीटीई. ते कारखान्यातूनच दोन टर्बो घेऊन निघायचं आणि मूळ रॉडांवर मूळ ताकदीच्या दुप्पट काढणारी इंजिनं त्यात नवलाची नाहीत. म्हणून इंजिनाचं नाव ऐकून निर्णय घेऊ नका. कोड, उत्पादनाचं वर्ष आणि जमल्यास रॉडचा भाग क्रमांक तपासा. त्याच ब्लॉकची कारखान्यात बनलेली टर्बो आवृत्ती असेल, तर दोन्हींच्या रॉडचे भाग क्रमांक ताडून पाहा. क्रमांक एकच निघाले तर याहून भक्कम पुरावा बाहेर कुठे मिळणार नाही.

आणि सगळा दोष रॉडवरही टाकू नका. सुबारूच्या ईजे२५७ सारख्या इंजिनांत रॉडच्या आधी पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते. कमकुवत कडी पिस्टन असेल, तर महागडे रॉड घालून काहीच हाती लागत नाही.

पायरी २: इंजिनाची तब्येत तपासा

टर्बो नवे आजार कमी आणतो, दबलेले आजार जास्त वर काढतो. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, भरलेल्या बॅटरीवर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब) घ्या. नंतर गळती चाचणी करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती किती निसटते ते बघा. दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचायचे.

एकदा माझ्यासमोर आलेल्या इंजिनात तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन इतरांपेक्षा किंचित कमी होतं, गळती मात्र चारही सिलिंडरांची सारखी. मालकाला तो गेजचा फरक वाटला. हेड काढलं, टीडीसीला डायल गेज लावला, तर तिसरा पिस्टन इतरांपेक्षा अर्धा मिलिमीटर खाली थांबत होता. पूर्वी कधीतरी साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना सिलिंडरमध्ये पाणी गेलं होतं आणि रॉड वाकला होता. इंजिन तरी चालत होतं, आवाजही नव्हता. त्यावर बूस्ट चढवला असता तर दोष टर्बोच्या माथी आला असता.

आपल्या उदाहरणातल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन गुणोत्तर १० असेल, तर रॉड अर्ध्या मिलिमीटरने आखूड झाल्यावर ते साडेनऊच्या जरा वर येतं. इतका बारीक फरक गेजवर सहज निसटतो. म्हणून गळती बरोबर आणि कॉम्प्रेशन कमी, असा जोड दिसला की थांबा. व्हॉल्व्हची उचल आणि टायमिंग ठीक असेल, तर संशय रॉडवर घ्यायचा. टीडीसीची उंची सिलिंडरागणिक ०.२ मिमीपेक्षा जास्त बदलत असेल, तर मी ते इंजिन उघडल्याशिवाय पुढे जात नाही.

तेलाचा दाबही गरम इंजिनावर, वेगळ्या यांत्रिक गेजने मोजा. ब्लॉक फोडून बाहेर आलेला रॉड पाहिला की लोक म्हणतात, बूस्टने तोडला. पुष्कळदा आधी बेअरिंग गेलेलं असतं. बेअरिंग कोरडं पडतं, जर्नलला (क्रँकच्या गोल दांड्याला) चिकटून फिरतं, बिग एंड (रॉडचं खालचं टोक) निळा पडतो आणि मग रॉड तुटतो. टोकं निळीकाळी झालेली दिसली तर तपास तेलापासून सुरू करा. वळणावर तेल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढत असेल, तर त्याचा बंदोबस्त टर्बोच्या आधी.

पायरी ३: लक्ष्य टॉर्कमध्ये ठरवा

वेगवेगळ्या इंजिनांची तुलना करायला एक सोपं माप आहे, सरासरी परिणामी दाब. चार-स्ट्रोक इंजिनासाठी टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्या, ०.१२५७ ने गुणा आणि लिटरमधल्या क्षमतेने भागा. उत्तर बारमध्ये येतं. २ लिटरचं विनाटर्बो इंजिन २०० न्यूटन-मीटर देत असेल तर साडेबारा बार. चांगल्या विनाटर्बो इंजिनाचा आकडा याच आसपास असतो. कारखान्यातून टर्बो घेऊन येणारी आजची पेट्रोल इंजिनं २० ते २५ बारपर्यंत जातात, पण त्यांचे रॉड, पिन आणि बेअरिंग त्यासाठीच बनवलेले असतात.

मूळचे विनाटर्बो रॉड ठेवून रोज चालवायच्या गाडीत मी १७-१८ बारच्या पुढे जात नाही. ही माझी स्वतःची मर्यादा आहे. कुणी जास्त काढतही असेल, पण मला इंजिन वर्षानुवर्षं टिकायला हवं असतं. २ लिटरला १८ बार म्हणजे साधारण २८५ न्यूटन-मीटर, मूळच्या जवळपास दीडपट. हा टॉर्क क्रँकवरचा. डायनो (ताकद मोजायचं यंत्र) चाकांवर मोजत असेल तर वाटेतली घट धरूनच हिशेब जुळवा.

हे कमी वाटतं का? ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९, उत्तर किलोवॉटमध्ये. २८० न्यूटन-मीटर सपाट ठेवून ६५०० आरपीएमपर्यंत नेले तर १९० किलोवॉट मिळतात, म्हणजे सुमारे २५९ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती). उलट छोटा टर्बो लावून २८०० आरपीएमलाच ४०० न्यूटन-मीटर काढले, तर त्या क्षणी हातात ११७ किलोवॉट असतात आणि रॉड मरणाच्या दारात. कमी ताकदीसाठी जास्त जोखीम घेतलेली मी पुष्कळदा पाहिली आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ती टाळता येते.

पायरी ४: बूस्टची चढण आखा

मूळ रॉड ठेवायचे असतील तर टर्बो निवडतानाच विचार करा. उशिरा फुगणारा, थोडा मोठा टर्बो रॉडला सोपा जातो. चालवताना तळाशी जोर कमी वाटेल, ती किंमत मोजायची तयारी हवी.

वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगचा दाब लक्ष्यापेक्षा कमी घ्या. वरचा बूस्ट इलेक्ट्रॉनिक सोलेनॉइडने वाढवता येतो, पण स्प्रिंगच्या खाली बूस्ट आणता येत नाही. मग आरपीएमनुसार तक्ता भरा: ३००० पर्यंत फक्त स्प्रिंगचा बूस्ट, तिथून ४५०० पर्यंत हळूहळू चढण, पूर्ण बूस्ट त्यानंतर. वरच्या गिअरमध्ये इंजिनावर भार जास्त वेळ राहतो आणि टर्बो लवकर फुगतो, म्हणून गिअरनुसार मर्यादा घालता येत असेल तर चौथ्या-पाचव्याला चढण आणखी उशिरा सुरू करा.

बूस्ट लक्ष्याच्या वर उसळतो तो क्षण लॉगमध्ये (इंजिनाच्या नोंदींमध्ये) काळजीपूर्वक बघा. लक्ष्य ०.७ बार आणि उसळी १.१ बार असेल, तर रॉडने १.१ च सोसलेला असतो. ही उसळी नेमकी कमी आरपीएमला येते. ती जाईपर्यंत पुढे सरकू नका आणि बूस्ट कट (बूस्टने मर्यादा ओलांडली की इंजिनाचा जोर तोडणारी सोय) चालू ठेवूनच गाडी बाहेर काढा.

पायरी ५: नॉकिंगला वाव देऊ नका

नीट जळणाऱ्या मिश्रणाचा दाब चढतो आणि उतरतो. नॉकिंगमध्ये उरलेलं मिश्रण एकदम पेटतं आणि दाब हातोडीसारखा बसतो. ठिणगीच्या आधीच पेट घेतला, तर पिस्टन वर येत असतानाच त्याला स्फोट सामोरा जातो. सरळ, निर्दोष रॉड एका दणक्यात वाकवणारं कारण बहुतेक हेच असतं.

हवेच्या तापमानापासून सुरुवात करा. २० अंशांची हवा १.५ पट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती ७१ अंशांना बाहेर पडते. दुप्पट दाबली तर ११० च्या पुढे. गरम हवा विरळ असते, त्यामुळे अर्ध्या बारच्या बूस्टला इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) नसेल तर हवा ५० टक्के वाढत नाही, २८ च्या आसपास वाढते, आणि नॉकिंगचा धोका मात्र पुरेपूर येतो. इंटरकूलर नसलेली जोडणी मूळ रॉडांवर मी करणार नाही, बूस्ट कितीही कमी असो.

इंधन ठरवा आणि त्यावरच ट्यून करा. जास्त ऑक्टेनवर (इंधनाच्या नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचा आकडा) केलेला ट्यून कमी ऑक्टेनवर चालवणं म्हणजे रॉडचा जुगार. मिश्रण भाराखाली पुरेसं समृद्ध (हवेच्या मानाने इंधन जास्त) ठेवा. जास्तीत जास्त टॉर्कच्या आरपीएमपाशी ठिणगी मागे घ्या, म्हणजे थोडी उशिरा पाडा. तिथे दोन-तीन अंश मागे राहिल्याने टॉर्क थोडाच घटतो, कमाल दाब मात्र चांगलाच उतरतो. फार मागेही नेऊ नका, नाहीतर एक्झॉस्ट तापतो आणि टर्बो भाजतो.

सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांना आणखी एक आजार आहे: कमी वेगावर, जास्त भाराखाली, ठिणगीच्या आधी होणारा पेट. साधारण १५०० ते २५०० आरपीएमच्या टापूत तो येतो. तेलाचे थेंब आणि तेलातले कॅल्शियमयुक्त डिटर्जंट त्याला हातभार लावतात. याच कारणाने २०१८ मध्ये एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही तेलाची मानकं आली. अशा इंजिनात एसपी किंवा त्यापुढचंच तेल घाला. आणि चालवतानाची सवय बदला: वरच्या गिअरमध्ये, १८०० आरपीएमला पाय तळाला नेऊ नका. आधी गिअर खाली घ्या.

पायरी ६: लाल रेघ हलवू नका

६५०० ची मर्यादा ७५०० केली की बोल्टवरचा ताण ३३ टक्के वाढतो. सर्वांत वाईट क्षण पूर्ण थ्रॉटलचाही नसतो. वरच्या आरपीएमला पाय उचलला की पिस्टनला खाली दाबून धरणारा वायू उरत नाही आणि सगळी ओढ बोल्टवर येते. चुकून खालचा गिअर पडला तर मर्यादा वाचवत नाही, कारण तेव्हा चाकं इंजिन फिरवत असतात. असं एकदा जरी झालं असेल, तरी त्या बोल्टांवर पुढे विसंबू नका.

पायरी ७: हळूहळू चढा आणि तपासत राहा

पहिल्या फेऱ्या फक्त स्प्रिंगच्या बूस्टवर. बूस्ट, आरपीएम, हवेचं तापमान, मिश्रण, ठिणगी आणि नॉक सेन्सरचा लॉग घ्या. सगळं स्वच्छ दिसलं तरच ०.१ बारने वाढवा. एका फेरीत टिकला म्हणजे कायमचा टिकला, असं धरू नका. ३००० आरपीएमला प्रत्येक रॉड मिनिटाला १५०० पेटींचे दणके खातो, म्हणजे अकरा-बारा तासांत दहा लाख. ड्रॅगची दहा सेकंदं आणि ट्रॅकचा अर्धा तास रॉडसाठी एकसारखे नसतात. म्हणूनच दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लागू पडेलच असं नाही.

पहिल्या तेलबदलाला फिल्टर कापून उघडा आणि घड्या पसरून उजेडात बघा. तांबूस किंवा चंदेरी चकाकी दिसली तर बेअरिंग बोलतंय. कॉम्प्रेशनही पुन्हा घ्या आणि सुरुवातीच्या आकड्यांशी ताडून बघा. ते आकडे वहीत लिहून ठेवलेले असतील तरच हे शक्य आहे.

रॉड बदलायचेच ठरले तर

लक्ष्य सरासरी परिणामी दाबाच्या २० बारच्या वर असेल, इंजिन कशामुळे तरी उघडलंच असेल, किंवा गाडी ट्रॅकवर जाणार असेल, तर रॉड बदला. ४३४० पोलादाचे (एक मिश्रधातू पोलाद) घडीव रॉड बहुतेक कामांना पुरतात. दांडीचा छेद आय आकाराचा की एच आकाराचा यावर वाद घालण्यापेक्षा बोल्ट कोणते आहेत ते विचारा. एआरपी कंपनीच्या २००० प्रकारच्या बोल्टांची ताणशक्ती सुमारे १५०० मेगापास्कल आहे, बहुतेक चांगल्या रॉडांसोबत तेच येतात.

फक्त बोल्ट बदलून भागवायचा मोह होतो. नवा बोल्ट वेगळ्या जोराने आवळतो आणि बिग एंडची गोलाई बदलते. म्हणून बोल्ट बदलले की नव्या बोल्टांनी टोपी आवळून गोलाई बोअर गेजने तपासावीच लागते. तडकवलेल्या टोपीच्या रॉडला ती दुरुस्त करायला फारशी जागाच नसते, तिथे मी सरळ नवे रॉड घेईन.

जोडताना बेअरिंगची फट मोजा. ढोबळ नियम असा की जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे ५० मिमी जर्नलला ०.०५ मिमी. ज्या बाजूला रॉडच्या कडेला मोठा उतार आहे ती बाजू क्रँकच्या गालाकडे. बोल्ट आवळताना रॉडच्या निर्मात्याने सांगितलेलं वंगणच लावा. वंगण बदललं की त्याच टॉर्कला बोल्ट वेगळा ताणला जातो. शक्य असेल तिथे टॉर्क रेंचपेक्षा बोल्ट किती लांबला ते मोजा. प्रत्येक बोल्टची आवळण्याआधीची मोकळी लांबी क्रमांकानुसार नोंदवा. पुढे कधी इंजिन उघडलं आणि सुटलेला बोल्ट त्या लांबीपेक्षा लांब भरला, तर तो पुन्हा बसवायचा नाही.